अरण्यवासी भिक्षु आणि श्वापदें

कोसल देशांतून श्रावस्तीकडे निघालेल्या एका भिक्षूची लहानशी हकीकत पाली विनयपिटकाच्या चुल्लवग्गांत आली आहे. वाटेंत एक हत्ती त्याच्या मागें लागला. भिक्षु धांवत सुटला आणि एका झाडाच्या बुंध्याशीं येऊन पोहोंचला. परंतु झाडावर चढेना. त्यापूर्वीं कांहीं उनाड भिक्षु झाडांवर चढले होते, लोकांनीं त्यांची निंदा केली होती, आणि भिक्षूनें झाडावर चढूं नये असा नियम होऊन गेला होता. नियम मोडावा तर दोष लागतो, पाळावा तर प्राण जातो, अशा पेंचांत तो खालींच राहिला. सुदैवानें हत्ती दुसऱ्या वाटेनें निघून गेला. श्रावस्तीस पोहोंचल्यावर त्यानें झाली गोष्ट इतर भिक्षूंना सांगितली, ती भगवान् बुद्धांच्या कानीं गेली, आणि नियमांत दुरुस्ती झाली: कांहीं काम असेल तर पुरुषभर उंचीपर्यंत चढावें, आणि संकट असेल तर हवें तितकें उंच चढावें.

गोष्ट वाचतांना हंसूं येतें खरें, परंतु ती विनोदासाठीं लिहिलेली नाहीं. विनयपिटक हा संघाच्या कायद्याचा ग्रंथ आहे. त्यांतील नियमाच्या आधीं, तो कोणत्या प्रसंगामुळें करावा लागला याची हकीकत दिलेली असते. या सर्व हकीकती जशाच्या तशा घडल्या असतील असें नाहीं. तथापि ज्यांनीं त्या रचल्या व पिढ्यान्‌पिढ्या पाठ केल्या, त्यांना रानांतल्या वाटा, हत्ती, साप आणि गवती छपरें यांची नित्याची ओळख होती, एवढें त्यांवरून निश्चित ठरतें. त्या काळच्या गंगेच्या खोऱ्यांतील वस्ती आजच्यासारखी सलग नव्हती. श्रावस्ती, राजगृह, वैशाली, कौशांबी अशीं नगरें, त्यांच्या भोंवतीं शेतें, आणि एका नगराहून दुसऱ्याकडे जावयाचें म्हणजे मध्यें वन ओलांडावयाचें.

भिक्षूची दिनचर्या त्याला नेमकी या दोहोंच्या सीमेवर आणून उभी करी. स्वतः अन्न शिजवावयाचें नाहीं, म्हणून भिक्षेसाठीं गांव जवळ हवें. ध्यानासाठीं एकांत हवा, म्हणून तें फार जवळ नको. पुढें पांचव्या शतकांत सिंहलद्वीपांत बुद्धघोषाचार्यांनीं विसुद्धिमग्ग लिहिला. त्यांत अरण्यवासाचें व्रत घेणाऱ्यानें गांवापासून निदान पांचशें धनुष्यें दूर राहावें असें माप सांगितलें आहे. म्हणजे अर्ध्या मैलाच्या आसपास. एवढ्या अंतरावरून रोज सकाळीं पात्र घेऊन गांवांत जावयाचें, माध्यान्हीच्या आंत जेवण उरकावयाचें, आणि रात्रीचा पहिला व शेवटचा याम बसून किंवा चंक्रमण करीत, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यावर येरझारा घालीत, ध्यानांत घालवावयाचा. सकाळची झुंजुमुंजु वेळ आणि रात्र या श्वापदांच्याही फिरण्याच्या वेळा. वाट एकच, वेळही एकच, गांठ पडावयाचीच.

या गांठीविषयीं बुद्धांच्या तोंडीं घातलेलें सर्वांत मोकळें निवेदन मज्झिमनिकायांतील भयभेरवसुत्तांत सांपडतें. जाणुस्सोणि नांवाचा ब्राह्मण जेतवनांत येऊन म्हणतो कीं, रानांत एकट्यानें राहणें फार कठीण. ज्याचें चित्त स्थिर नाहीं त्याचें मन रान हिरावूनच नेत असेल. त्यावर बुद्ध आपल्या बोधिपूर्व काळाची आठवण सांगतात. चतुर्दशी, पंचदशी आणि अष्टमी या रात्रीं, लोकांच्या अंगावर जेथें कांटा उभा राहतो अशा वनांतल्या देवस्थानीं ते मुद्दाम जाऊन राहत. एखादें जनावर जवळून जाई, मोराच्या हालचालीनें काटकी मोडून पडे, वाऱ्यानें पाचोळा सळसळे, आणि वाटे कीं, आलें तें भय! त्यावर त्यांनीं योजिलेला उपाय अगदीं साधा होता. चालत असतां भय आलें तर चालतच राहावयाचें, उभें असतां आलें तर उभेंच राहावयाचें, बसलेलें असतां आलें तर बसूनच त्याला तोंड द्यावयाचें. भय ओसरेपर्यंत शरीराची स्थिति बदलावयाची नाहीं. या निवेदनांत मंत्र नाहीं, चमत्कार नाहीं, वाघ येऊन पायांशीं लोळण घेत नाहीं. आलेलें जनावर कोणतें होतें हेंही सांगितलेलें नाहीं. भावी बुद्धालाही रात्रीं रानांत भय वाटलें, ही गोष्ट परंपरेनें लपविली नाहीं, हा तिचा मोठाच प्रामाणिकपणा म्हटला पाहिजे.

विनयग्रंथांत श्वापदांपैकीं सर्वांत अधिक जागा सापांनीं अडविली आहे, आणि तें स्वाभाविक आहे. वाघ क्वचित् भेटतो, साप घरांतच असतो. गवताच्या छपरांतून एका भिक्षूच्या खांद्यावर साप पडला. तो घाबरून ओरडला, शेजारचे भिक्षु धांवत आले, आणि वर छत बांधण्याची परवानगी मिळाली. दुसरा एक भिक्षु ठेंगण्या खाटेवर निजला असतां त्याला साप चावला. तेव्हां खाटेच्या पायांखालीं उंचवटे घालावे असें ठरलें. कांहींनीं हे उंचवटे भलतेच उंच केले, म्हणून त्यांना आठ अंगुळांची मर्यादा घालावी लागली! दंशावर शेण, मूत्र, राख आणि माती अशीं चार औषधें सांगितलीं आहेत. आजचा वैद्य त्यांवर विश्वास ठेवणार नाहीं. परंतु अरण्यांत तत्काळ हाताशीं येण्याजोग्या याच वस्तु होत्या.

कुटी बांधण्यापूर्वीं भिक्षूला जागा संघाकडून तपासून घ्यावी लागे. ती मुंग्या, वाळवी, उंदीर, साप, विंचू यांची नसावी, तशीच हत्ती, सिंह, वाघ, बिबळे, अस्वलें किंवा तरस यांच्या राहण्याची नसावी. या नियमाचा रोंख दुहेरी आहे. भिक्षूला त्या प्राण्यांपासून इजा होऊं नये हा एक हेतु, आणि भिक्षूमुळें त्या प्राण्यांचें घर मोडूं नये हा दुसरा. मांसासंबंधींचा एक नियम तर शिकाऱ्याच्या अनुभवांतून आल्यासारखा वाटतो. कांहीं भिक्षूंनीं भिक्षेंत मिळालेलें सिंहाचें मांस खाल्लें आणि ते रानांत राहावयास गेले. त्या वासानें सिंहांनीं त्यांच्यावर हल्ला केला. तेव्हांपासून सिंह, वाघ, बिबळ्या, अस्वल आणि तरस यांचें मांस भिक्षूंना वर्ज्य झालें. वर्षावासाचे तीन महिने एके ठिकाणीं काढण्याचें बंधन फार कडक होतें. परंतु श्वापदें त्रास देऊं लागलीं, माणसें धरूं लागलीं, तर वर्षावास अर्धा टाकून निघून जावें, त्यांत दोष नाहीं, अशी महावग्गांत स्पष्ट सवलत आहे. तेथेंच राहून मरावें असें संघाचा कायदा कोणालाही सांगत नाहीं.

मग मैत्रीभावनेचें काय? बौद्ध भिक्षु म्हटला म्हणजे त्याच्या मैत्रीनें हिंस्र पशु शांत होतात अशी जी समजूत पुढें रूढ झाली, तिचें मूळ अंगुत्तरनिकायांतील अहिराजसुत्तांत आहे. श्रावस्तींत एक भिक्षु साप चावून मरण पावला. बुद्ध म्हणाले कीं, त्यानें विरूपाक्ष, एरापथ, छब्यापुत्र आणि कृष्णगौतमक या चार सर्पराजकुलांविषयीं मैत्रीची भावना केली नसावी. केली असती तर तो असा मेला नसता. त्यानंतर रक्षणासाठीं म्हणावयाचा एक पाठ दिला आहे. त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम चारही कुलांशीं मैत्री, मग पाय नसलेले, दोन पायांचे, चार पायांचे आणि अनेक पायांचे अशा सर्व प्राण्यांशीं मैत्री. त्यानंतर त्यांनीं आपल्याला इजा करूं नये ही विनंती. आणि शेवटीं, आपलें रक्षण झालें आहे, तेव्हां प्राण्यांनीं आतां निघून जावें असें सांगणें. म्हणजे ही मैत्री गळ्यांत गळा घालण्याची नाहीं. दोघांनीं आपापल्या वाटेनें जावें आणि कोणीं कोणाला दुखवूं नये, असा तो शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला करार आहे.

पण हा करार नेहमींच पाळला जाई असें तरी परंपरेनें कोठें म्हटलें आहे? राजगृहाच्या शीतवनांत सप्पसोण्डिक नांवाची गुहा होती. सापाच्या फणेसारख्या आकाराची, म्हणून तिला तें नांव. तेथें स्थविर उपसेनाच्या अंगावर साप पडला. उपसेन हा सारिपुत्राचा धाकटा भाऊ, साधनेंत मुरलेला. त्यानें जवळच्या भिक्षूंना बोलावून सांगितलें कीं, भुसा उधळावा तसें हें शरीर येथें विखरून जाण्यापूर्वीं मला खाटेवर घालून बाहेर न्या. सारिपुत्र म्हणाला, तुझ्या चेहऱ्यांत किंवा इंद्रियांत तर कांहींच फरक दिसत नाहीं. उपसेनानें उत्तर दिलें कीं, डोळे म्हणजे मी किंवा डोळे माझे असें ज्याला वाटतें त्याच्या चेहऱ्यांत फरक पडेल. त्याला बाहेर नेलें आणि तेथें त्याचा अंत झाला. संयुत्तनिकायांतील या लहानशा सुत्तांत साप दुष्ट ठरत नाहीं, आणि उपसेनाची मैत्री कमी पडली असेंही कोणी म्हणत नाहीं.

याहून कठोर कथा अट्ठकथांत, म्हणजे सिंहलद्वीपांत पांचव्या शतकाच्या सुमारास पाली भाषेंत सिद्ध झालेल्या टीकाग्रंथांत आहे. तीस भिक्षु एका अरण्यविहारांत वर्षावासास राहिले. रात्रीचे तिन्ही याम जागून साधना करावयाची आणि एकमेकांजवळ जावयाचें नाहीं, असा त्यांनीं नियम केला. पहांटेच्या सुमारास डुलकी लागलेल्या भिक्षूला एक वाघ उचलून नेऊं लागला. एकामागून एक पंधरा जण गेले. परंतु मौनाचा भंग होईल म्हणून एकाच्याही तोंडून ‘वाघानें धरलें’ एवढे शब्द निघाले नाहींत. उपोसथाच्या दिवशीं सगळे एकत्र जमले तेव्हां मोजदाद झाली आणि प्रकार उघडकीस आला. तेव्हां ठरलें कीं, यापुढें ज्याला वाघ धरील त्यानें हांक मारावी. त्यानंतर एका तरुण भिक्षूला वाघानें धरलें. त्यानें हांक मारली. भिक्षु काठ्या व मशाली घेऊन धांवले. पण वाघ माणसाला चढतां येणार नाहीं अशा कड्यावर त्याला घेऊन गेला आणि पायांपासून खाऊं लागला. खालून भिक्षूंनीं ओरडून सांगितलें कीं, आतां आमच्या हातीं कांहीं उरलें नाहीं. भिक्षूचें सामर्थ्य दिसावयाचें तें अशाच जागीं. त्या तरुणानें वेदनेलाच ध्यानाचा विषय केला, आणि वाघ हृदयापर्यंत पोहोंचण्यापूर्वीं तो अर्हत् झाला.

ही कथा अट्ठकथाकारांनीं गौरवानें सांगितली आहे आणि शेंकडों वर्षें ती गौरवानें ऐकली गेली आहे. तरीही विनयांतल्या झाडाखालच्या भिक्षूशेजारीं ती ठेवून पाहिली म्हणजे दोहोंतलें अंतर जाणवल्याशिवाय राहत नाहीं. एकीकडे प्राण वांचविण्यासाठीं नियमच वांकविणारे शास्ते. दुसरीकडे नियमासाठीं मुकाट्यानें वाघाच्या तोंडीं जाणारे पंधरा जण. शेवटच्या तरुणाचें धैर्य असामान्य, यांत शंका नाहीं. पण पहिले पंधरा जण ज्या मौनापायीं गेले तें मौन कोणत्याही बुद्धवचनानें त्यांच्यावर लादलें नव्हतें. तें त्यांचें त्यांनींच ठरविलें होतें. कथेनें त्यांच्याविषयीं एक वाक्यही जास्त खर्च केलेलें नाहीं, ही तिच्यांतली उणीवच होय.

श्वापदांच्या भयाला साधनेंत रीतसर स्थान देणारें आणखी एक वचन अंगुत्तरनिकायांत आहे. अरण्यांत एकट्या राहणाऱ्या भिक्षूनें पांच अनागत भयांचा, म्हणजे अजून न आलेल्या भयांचा विचार करावा, असें तेथें सांगितलें आहे. मला साप, विंचू किंवा गोम चावेल. सिंह, वाघ, बिबळ्या, अस्वल किंवा तरस माझी वाट अडवील. आणि मी मरेन. तेव्हां जें मिळवावयाचें तें आजच मिळविलें पाहिजे. सम्राट् अशोकानें बैराट येथील शिलालेखांत भिक्षु, भिक्षुणी व गृहस्थ यांनीं वारंवार ऐकावे म्हणून सात धर्मग्रंथांचीं नांवें दिलीं आहेत. त्यांत ‘अनागतभयानि’ हें एक आहे. तीं भयें म्हणजे अंगुत्तरनिकायांतलींच, असें बहुतेक विद्वान् मानतात. या सात ग्रंथांची ओळख पटविण्याच्या कामीं आपल्या धर्मानंद कोसंबी यांनीं १९१२ सालीं ‘इंडियन अँटिक्वरी’त लेख लिहून हातभार लावला; पुढें १९४० मध्यें विसुद्धिमग्गाची नागरी आवृत्तिही त्यांनींच मुंबईत प्रसिद्ध केली.

चिनी यात्रेकरूंच्या वृत्तान्तांत हेंच रान बाहेरून आलेल्या माणसाच्या नजरेनें दिसतें. इ. स. ३९९ मध्यें चांगआनहून निघालेला फाहियान कपिलवस्तूला पोहोंचला तेव्हां तें नगर ओसाड पडलेलें होतें. वाटेनें जातांना पांढरे हत्ती व सिंह यांपासून जपावें लागे, असें तो लिहितो. जवळच रामग्रामाचा स्तूप होता. तेथें माणूस उरला नव्हता, झाडझाडोरा माजला होता. हत्ती सोंडेंत पाणी आणून शिंपडीत व फुलें वाहत. दुसऱ्या देशाहून एक उपासक दर्शनास आला. हत्ती पाहून तो घाबरला आणि झाडाआड लपला. लपल्या जागेवरून त्यानें हत्तींची ती पूजा पाहिली, आणि येथें सेवेला एकही माणूस नसावा याची त्याला लाज वाटली. तो तेथेंच श्रामणेर होऊन राहिला, स्वतःच्या हातांनीं गवत काढूं लागला, आणि पुढें त्या ठिकाणीं विहार झाला. हत्ती पूजा करीत होते कीं केवळ पाण्यांत व धुळींत खेळत होते, हें ज्याचें त्यानें ठरवावें. माणसाला लाज वाटली, एवढें मात्र त्या विहारानें सिद्ध केलें.

महाराष्ट्रांतलीं लेणीं ही याच इतिहासाची दगडांत कोरलेली बाजू आहे. वेरूळच्या सहाव्या लेण्यांत महामायूरीची मूर्ति आहे. शेजारीं मोर, आणि खालीं पोथी पुढें ठेवून वाचीत बसलेला एक माणूस. ही देवी म्हणजे मूर्तिरूप झालेला एक सर्पमंत्रच होय. तिच्या ग्रंथांतील कथा अशी: स्वाति नांवाचा तरुण भिक्षु संघाच्या स्नानाचें पाणी तापविण्यासाठीं लांकडें फोडीत होता, कुजक्या ओंडक्यांतून काळा साप निघाला आणि त्याच्या पायाच्या आंगठ्याला चावला. लांकडें फोडण्यासारख्या रोजच्या कामांतून केवढी मोठी परंपरा निघाली पाहा! चार सर्पकुलांशीं मैत्री करणाऱ्या जुन्या पाठाभोंवतीं मंत्रांचीं वेटोळीं वाढत गेलीं, आणि त्यांतून अखेर देवी उभी राहिली. मध्य आशियांतील कुचा येथें १८९० सालीं लेफ्टनंट बॉवर यांना मिळालेल्या प्रसिद्ध हस्तलिखितांत वैद्यकाच्या ग्रंथांबरोबर याच महामायूरीचा भाग सांपडला. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथील सातव्या लेण्यांत अवलोकितेश्वर आठ महाभयांतून सोडवीत असल्याचें शिल्प आहे. त्या आठांत सिंह, साप आणि मत्त हत्ती यांना जागा मिळाली आहे. बुद्धानें ज्या भयाला चालत चालत तोंड दिलें, त्याच भयांतून सुटण्यासाठीं हजार वर्षांनंतरचा उपासक बोधिसत्त्वाला हांक मारूं लागला. भिक्षु निघून गेल्यावर लेणीं पुन्हा श्वापदांकडे गेलीं; १८१९ सालीं जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठा दिसला तो वाघाच्या शिकारीच्या नादांत.

अलीकडच्या काळांत ही अरण्यसाधना पुन्हा जोमानें उभी राहिली ती सयामांत. आचार्य मुन (१८७० ते १९४९) हे ईशान्य सयामांतले. त्यांचे शिष्य पायीं हिंडत, झाडाला मोठी छत्री टांगून तिच्याभोंवतीं मच्छरदाणी सोडीत आणि तिच्याखालीं रात्र काढीत. ज्या शिष्याला वाघाचें भय वाटे त्याला आचार्य मुद्दाम वाघाच्या रानांत धाडीत. व्याख्यानांनीं जें मन एकाग्र होत नाहीं तें डरकाळीनें होतें, असा त्यांचा अनुभव होता. आचार्य चोब नांवाच्या शिष्याची कथा त्या देशांत सर्वतोमुखी आहे. रात्रीं कंदील घेऊन जात असतां पुढें एक आणि मागें एक असे दोन वाघ आले. ते उभ्या उभ्या समाधींत गेले. भानावर आले तेव्हां कंदिलांतली मेणबत्ती जळून संपली होती आणि वाघ निघून गेले होते. बहुतेक वाघ माणसाला टाळतात आणि निश्चळ उभ्या असलेल्या माणसावर सहसा झडप घालीत नाहींत, हें आज प्राणिशास्त्र सांगतें. म्हणून त्या रात्रींचें धैर्य कमी ठरत नाहीं. मात्र अशा आठवणी वाचतांना एवढें विसरूं नये कीं, त्या वांचलेल्यांच्या आहेत. त्या तीस भिक्षूंपैकीं पहिल्या पंधरांसारखें ज्यांचें झालें असेल, त्यांनीं आत्मचरित्रें लिहिलीं नाहींत.

हीं रानें फार दिवस टिकलीं नाहींत. १९६१ सालीं थायलंडची निम्म्याहून अधिक भूमि वनाखालीं होती. १९८९ मध्यें तेथील सरकारनें वृक्षतोडीवर बंदी घातली तेव्हां ती एकतृतीयांशाहूनही कमी उरली होती. आचार्य मुन यांचे शिष्य ज्या वाटांनीं हिंडले त्यांपैकीं बहुतेक ठिकाणीं आज भाताचीं, उंसाचीं शेतें आहेत. वनांत वाघ उरला नाहीं तसा भिक्षूंचा उद्योगही पालटला. त्याच सुमारास उत्तर थायलंडांतील कांहीं भिक्षु मोठ्या वृक्षांना पीत चीवर गुंडाळून जणूं त्यांना दीक्षा देऊं लागले, म्हणजे तोडणाऱ्याचा हात थांबावा.

मुंबईजवळच्या कान्हेरीस मात्र शंभरांहून अधिक लेण्यांभोंवतीं अजून वन आहे आणि त्या वनांत बिबळेही आहेत. तेथें नाहींत ते भिक्षु. उलट श्रीलंकेंत भिक्षु आहेत, आणि नवें घर बांधलें किंवा घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे ते रात्रभर परित्राणपाठ म्हणतात. त्या पाठांत विरूपाक्ष, एरापथ, छब्यापुत्र आणि कृष्णगौतमक यांच्याशीं आजही मैत्री केली जाते. कोलंबोच्या सिमेंटच्या घरांत, विजेच्या दिव्याखालीं, मांडवाला बांधलेला पांढरा दोरा हातांत धरून बसलेलीं माणसें तें ऐकतात, आणि पाठाच्या शेवटीं पाय नसलेल्या व अनेक पायांच्या सर्व प्राण्यांना आतां निघून जाण्यास सांगितलें जातें.